चिंधाभाऊ आणि घाटात दमणारी गाडी

चिंधाभाऊला कुणी नाव विचारलं की तो आधी हसतो, मग सांगतो. त्याच्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. तिसऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून आईने, कमलबाईने, त्याचं नाव चिंधा ठेवलं. फाटक्या कापडाकडे कोण वळून बघणार? नाव लागू पडलं. पोरगं जगलं आणि चांगलं आडवंतिडवं वाढलं. आज पंचेचाळिशीचा हा माणूस शिंदखेडा तालुक्यातल्या आपल्या गावात चिंधाभाऊ म्हणून ओळखला जातो. त्याच्या दारात सहाचाकी ट्रक उभा असतो, आणि त्या ट्रककडे मात्र सगळे वळून बघतात.

पहिला ट्रक त्याने जुनाच घेतला होता. इतका जुना की विकणाऱ्याने चावी हातात ठेवताना नजर चुकवली. त्या गाडीने चिंधाभाऊला शिकवलं. रस्त्यात बंद पडली की तिच्याखाली झोपायचं, वर बघायचं, आणि काय सुटलंय ते शोधायचं. नरडाण्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे तो जाऊन बसायचा. मिस्त्री सांगायचा कमी, शिव्या जास्त द्यायचा. हळूहळू चिंधाभाऊच्या हातात ते काम उतरलं. ब्रेक बसवणं, क्लच काढणं, डिझेलच्या पाईपातली हवा काढणं, सगळं तो दारातल्या निंबाखाली करू लागला. गावातल्या बायका पाण्याला जाताना ट्रकखालून बाहेर आलेल्या दोन पायांशीच बोलायच्या. पाय उत्तर द्यायचे.

ती गाडी भंगारात गेली तेव्हा तो दोन दिवस धड जेवला नाही. मग नवी घेतली. कोरी. धुळ्याच्या शोरूममधून.

गाडी ताब्यात देताना तिथल्या सर्व्हिस विभागातल्या सरिता मॅडमनी त्याला खुर्ची दिली, पेढा दिला आणि नीट समजावलं.

"सर, आता तुम्ही फक्त चालवायची. बाकी सगळं आम्ही बघू. फक्त एक लक्षात ठेवा. बाहेर कुठे एकही नट उघडला, तर वॉरंटी संपली."

चिंधाभाऊला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सर म्हटलं होतं. तो मान डोलावून बाहेर आला. घरी पोचल्यावर त्याने पान्यांची पिशवी धुतली, वाळवली आणि माळ्यावर टाकली. दिपमाला, त्याची बायको, खालून बघत होती.

"देव बोळवतस असं वाटस," ती म्हणाली.

नवी गाडी चांगली होती. चोपड्याच्या बाजूला केळी भरायची, शिरपूरवरून आग्रा रोड धरायचा, बिजासनचा घाट चढायचा आणि इंदूरला माल उतरवायचा, ही त्याची ठरलेली फेरी. माल तोताराम शेठचा. शेठ केळीचा व्यापारी. बोलायला गोड, पण माल उशिरा पोचला की गोडवा जायचा. केळी थांबत नाही. ऊन लागलं की ती गाडीतच पिवळी पडायला लागते, आणि पिवळी केळी इंदूरच्या बाजारात कुणी हिरवीच्या भावाने घेत नाही.

चिंधाभाऊच्या शेजारी वेस्ता बसायचा. वेस्ता त्याच्याच वयाचा. सातपुड्याच्या पायथ्याचा, पावरा आदिवासी. अर्धा रस्ता तो चालवायचा, अर्धा चिंधाभाऊ. दोघांची ओळख जुन्या गाडीपासूनची होती. दोघं अहिराणीत बोलायचे आणि भांडायचे. वेस्ता फार चिडला की आपल्या पावरी बोलीत शिरायचा, मग चिंधाभाऊला काही कळायचं नाही आणि भांडण तिथंच संपायचं.

पोळ्यानंतरच्या पहिल्या फेरीत ते झालं. सपाटीवर गाडी ठीक होती. पळासनेर मागे पडलं, घाट लागला, आणि गाडीने मान टाकली. चिंधाभाऊने पाय दाबला. आवाज आला, जोर आला नाही. समोर पिवळा दिवा लागला. गाडी बैलगाडीच्या चालीने चढू लागली.

"भो, पाय दाब ना," वेस्ता म्हणाला.

"पुरा दाबेल शे. आते पाय खाले डांबरलेच लागी."

"मांगे देख जरा."

चिंधाभाऊने आरशात बघितलं. मागे ट्रेलर, त्यामागे बस, त्यामागे आणखी काय काय. सगळे भोंगे वाजवत होते. चाऱ्याने लादलेला एक ट्रॅक्टर बाजूने पुढे गेला. ट्रॅक्टरवाल्याने जाताजाता हात केला. तो हात चिंधाभाऊला फार लागला.

इंदूरला पोचायला उशीर झाला. शेठने फोनवर नुसतं "बरं" म्हटलं.

परतताना चिंधाभाऊ थेट धुळ्याला गेला. शोरूमच्या मागे गाड्यांचं वर्कशॉप आणि त्याला लागून मालकांनी बसायची काचेची खोली. आत गार हवा, टीव्ही, दाबलं की कॉफी देणारं मशीन. काचेपलीकडे आपली गाडी उघडलेली दिसते. आवाज येत नाही. हात लावता येत नाही. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसल्यासारखं वाटतं, फक्त इथे पेशंटही दिसतो.

दोन मुलं लॅपटॉप घेऊन आली. गाडीला वायर जोडली. लॅपटॉपने सांगितलं, इंजिनला हवा कमी पडते. त्यांनी हवेची जाळी, म्हणजे एअर फिल्टर, नवी टाकली. दिवा गेला. गाडी शोरूमसमोरच्या रस्त्यावर फिरवून आणली. सपाट रस्ता, रिकामी गाडी. हरणासारखी पळाली.

पुढच्या फेरीत घाटात पुन्हा तेच. चिंधाभाऊ पुन्हा काचेमागे जाऊन बसला. या वेळी सेन्सर बदलला.

त्याच्या पुढच्या फेरीतही तेच. या वेळी सरिता मॅडम स्वतः काचेच्या खोलीत आल्या.

"सर, सिस्टीमवर गाडी एकदम ओके दाखवते."

"मॅडम, सिस्टीम घाटात येते का?"

"म्हणजे?"

"गाडी भरलेली असताना घाटात दमते. तुम्ही रिकामी गाडी सपाटीवर फिरवता. माल भरून एकदा बिजासनला चला. मी चालवतो, पोरं बाजूला बसू द्या."

"सर, तशी पॉलिसी नाही." मग त्यांनी आवाज जरा मऊ केला. "टेक्निशियन म्हणतात, कधीकधी चालवण्याचाही प्रश्न असतो. चढावर गिअर वेळेवर पाडला नाही तर..."

चिंधाभाऊने कॉफीचा कप खाली ठेवला. बिजासनचा घाट तो जुन्या गाडीने अशा दिवसांत चढला होता, जेव्हा त्या गाडीला धड ब्रेक नव्हते. तो चावी घेऊन निघाला. बाहेर वेस्ता उभा होता.

"काय बोलनी ती?"

"माले गाडी चालवता येस नही म्हने."

वेस्ता पहिल्यांदा हसला, मग चिंधाभाऊचं तोंड बघून पावरीत काहीतरी बोलला. शिवीच असणार.

तोताराम शेठचा फोन दुसऱ्या दिवशी आला. चिंधाभाऊ ओट्यावर दात घासत होता.

"चिंधाभो, राग मानू नको. तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी माल उशिरा गेला. इंदूरवाला माझ्या नावाने ओरडतो."

"शेठ, गाडीत काहीतरी आहे."

"असेल. पण केळीला कोण समजावणार? गुरुवारचा माल तुला देतो. घाट वेळेत चढला, तर हंगामभर तुझीच गाडी. नाही चढला, तर शनिवारपासून दुसरी गाडी लावतो. ठरलं?"

"ठरलं," चिंधाभाऊ म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दिवस मंगळवार होता. त्या फेरीवर त्याचा हंगाम होता, वेस्ताची रोजी होती, आणि सगळ्यात मोठं म्हणजे एक जुनी गोष्ट होती. गावात आणि आग्रा रोडच्या ढाब्यांवर चिंधाभाऊची ओळख एवढीच, की याची गाडी पोचते. ती ओळख गुरुवारी पुसली जाणार होती.

तो दिवसभर गाडीभोवती फिरला. हात मागे बांधून. टायरला लाथ मारली. बसला. उठला. दिपमाला दळण घेऊन आली, बघून गेली. पुन्हा आली.

"व्याह्यांच्या घरी आल्यासारखे काय फिरताय?" बाहेरच्या लोकांपुढे ती नवऱ्याशी शहरी मराठीत बोलायची. मग तिच्या लक्षात आलं की इथे कुणीच नाही. "हात बांधीसन फिरनात ते गाडीले काय समजी?"

"नट उघाडा ते वारंटी जास."

"आनि नही उघाडा ते?"

"ते फेरी जास."

"मंग वारंटी खाले आथरीसन झोपतस का?"

चिंधाभाऊ तिच्याकडे बघत राहिला. मग घरात गेला, शिडी लावली आणि माळ्यावरून पिशवी काढली. पाने एकमेकांवर आपटून वाजले. त्या आवाजाने आतल्या खोलीतून कमलबाई बाहेर आली. सत्तरीपुढची, काटक; वेस्तासकट सगळ्यांची अक्का. पोराच्या हातात पिशवी बघून ती नुसती "हं" म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

पण त्या दिवशी उजेड संपत आला होता. चिंधाभाऊ घाईने काम करत नाही.

बुधवारी सकाळी वेस्ता आला तेव्हा गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते.

"राम राम," वेस्ता पायांना म्हणाला.

"ये. बस. माले एक सांग. लॅपटॉप काय बोलना?"

"हवा कमी."

"खोटं कसाले बोली तो? मशीन शे. हवा कमीच शे. त्यासनी जाळी बदली. जाळी चांगली शे. मंग हवा कठे अडकनी?"

वेस्ताने खांदे उडवले.

ट्रकच्या हवेच्या डब्याला बुडाशी रबराची एक चोच असते. रस्त्यातली धूळ डब्यात साचते. चोच दाबली की ती खाली पडते. जुन्या गाडीची चोच चिंधाभाऊ रोज सकाळी दाबायचा, गाईचं थान पिळावं तशी, आणि खाली मूठभर फुफाटा पडायचा. खानदेशात पाऊस चार दिवस उघडला की रस्त्यावर धुळीला तोटा नसतो. चिंधाभाऊने चोच दाबली. काही पडलं नाही. पुन्हा दाबली. हाताला कणही लागला नाही.

तो गाडीखालून सरपटत बाहेर आला. तोंड ग्रीसने काळं, पण डोळे चमकत होते.

"धूळ नही."

"मंग चांगलंच ना."

"चांगलं? तीन फेऱ्या मारन्यात. खडीनं क्रशर लागस रस्तामा. धूळच जास नही आत. धूळ जास नही, म्हनजे हवाबी जास नही. जाळीपर्यंत काही पोचतच नही, वेस्ता. अडकेल शे ते जाळीना आगे. वर."

केबिनच्या मागे हवा ओढणारं जाडजूड नळकांडं उभं असतं. वरच्या टोकाला फटी. त्या फटींतून हवा खाली येते, एका रबरी कोपऱ्यावर वळते आणि डब्यात जाते. त्या कोपऱ्याला लोखंडी पट्टा आवळलेला होता. पट्ट्याच्या नटावर कंपनीने पिवळ्या रंगाचा एक ठिपका दिला होता. नट फिरला की ठिपका तुटणार आणि धुळ्याला कळणार.

चिंधाभाऊने पाना लावला. थांबला. दिपमाला दारात उभी होती. तिने हातानेच, फिरवा, अशी खूण केली.

ठिपका तुटला.

पट्टा सैल झाला. त्याने रबरी कोपरा ओढून काढला. पहिल्यांदा बाहेर आल्या त्या लाल मुंग्या. हातावर, कोपरावर, बाहीत. चिंधाभाऊने हात झटकला, पण कोपरा सोडला नाही. आत बोटं घातली. काहीतरी लागलं. जाड. चिवट. कडेला कडक, मधे मऊ. ओढलं तर येईना. दोन बोटांनी गोल फिरवून ओढलं. आलं.

त्याने ते उजेडात धरलं.

मांडा होता. पुरणाचा. खापरावर भाजलेला, सुपाएवढा, चौघडी घातलेला. वाळून चामड्यासारखा झाला होता. घडीत पुरण अजून पिवळं दिसत होतं. नळाच्या कोपऱ्याला तो इतका बरोबर बसला होता, की कंपनीने मापाने बनवून दिलेलं झाकण वाटावं.

इंजिनात पुरणाचा मांडा. हे वाक्य उभं तरी कसं करायचं, कुणाला कळत नव्हतं.

मग दिपमालाने आतल्या खोलीकडे बघितलं. चिंधाभाऊने वेस्ताकडे बघितलं. वेस्ता टायरकडे बघत होता. फार लक्षपूर्वक.

"वेस्ता."

"हां भो."

"टायरमा काय शे?"

"काही नही."

"मंग मन्ह्याकडे देख. हाऊ मांडा तठे कसा गया?"

वेस्ताने मान खाजवली. "पोळाना दिन. तू आंग धुवाले जायेल व्हता. गाडी चालू व्हती, ब्रेकनी हवा भराले. अक्का नैवेद लिसन उनी. बोलनी, वेस्ता, तुन्हा हात लांब शे. वर घाल."

"आनि तू घाला?"

"सणना दिन म्हतारी माणूसले नही कसं म्हनू?"

"बरं. घाला. पन मन्ह्या जोडे तीन फेऱ्या घाटमा बठना तू. गाडी दमी राहयनी, मागून लोके शिव्या दी राहयनात. एक शबद तरी बोलाना!"

"माले वाटनं, पची गया व्हई."

दिपमालाने पदर तोंडात कोंबला. तिला खाली बसावं लागलं. चिंधाभाऊला रागवायचं होतं. त्याने प्रयत्नही केला. पण हातात मांडा, बाहीत मुंग्या आणि समोर वेस्ताचं ते निष्पाप तोंड. तोही हसायला लागला आणि त्याला थांबताच येईना.

आवाज ऐकून कमलबाई बाहेर आली. तिने मांडा बघितला. ओळखला.

"आख्खा तसाच?" ती म्हणाली. "एक घास बी नही खादा?"

"माय, हाई गाडी शे. ती डिझेल पेस."

"ते माले समजस." ती ओट्यावर बसली. "परसाल बैलजोडी गयी. यंदा पोळाले दारमा कोन व्हतं? हाईच. गेरू लाया, फुगा बांधात, गोंडा बांधात, तू बी हासत हासत बांधात. मंग हाई सगळं करीसन तिले उपाशी ठेवानं? आपला घरमा पोळाले उपाशी कोन राहयनं शे आजपावत?"

चिंधाभाऊने बाहीतली मुंगी झटकली आणि विचारलं.

"पन तिनं तोंड वर शे हाई तुले कोनी सांगं?"

"कोनी नही. मी हात धरी धरी देखं. पुढे देखं, ते गरम वारा. मागे देखं, ते धूर. तठे वर वेस्ताले हात धराले लावा, ते हात वढी लिन्हा. जठे श्वास लेस, तठेच तोंड. बैलनंबी तसंच शे."

वेस्ता हळूच म्हणाला, "बरोबर सांगी राहयनी अक्का."

"तू गप," चिंधाभाऊ म्हणाला.

कमलबाई उठली. मांडा त्याच्या हातातून घेतला, उलटसुलट बघितला. "तूपबी बराबर लायेल व्हतं," ती स्वतःशीच म्हणाली. मग ती मांडा घेऊन गोठ्याकडे गेली. तिथं आता फक्त एक शेळी होती. शेळीने विचार केला नाही.

बाकीचा दिवस चिंधाभाऊचा होता. नळकांडं त्याने वरपासून खालपर्यंत ओल्या फडक्याने पुसलं. फटीतून आत काही जाऊ नये म्हणून वरच्या तोंडाला आतून तारेची जाळी बसवली. रबर परत चढवलं, पट्टा आवळला. हात घातलाच आहे म्हणून मग त्याने ग्रीस भरलं, स्प्रिंगच्या पाट्यांचे नट तपासले, पंख्याचा पट्टा ताणून बघितला, बॅटरीची टोकं घासली. यातलं काहीच करायची गरज नव्हती. पण तो इतक्या दिवसांनी गाडीखाली झोपला होता आणि त्याला बाहेर यावंसं वाटत नव्हतं. पाण्याला जाणाऱ्या बायका थांबून पायांशी बोलून गेल्या.

गुरुवारी चोपड्याजवळच्या एका मळ्यात केळी भरली. घड हिरवेगार, देठांना अजून चीक. केळीच्याच वाळलेल्या पानांच्या गाद्या करून मजुरांनी थर लावले. तोताराम शेठ बांधावर छत्री घेऊन उभे होते. माल बांधून झाल्यावर ते जवळ आले.

"धुळ्याला दाखवलीस का परत?"

"नाही शेठ. घरीच बघितली."

शेठचा चेहरा पडला. "घरी? अरे, कंपनीला सापडत नाही ते तुला घरी सापडलं?"

"सापडलं."

"काय होतं?"

चिंधाभाऊने वेस्ताकडे बघितलं. "कचरा होता शेठ. नळीत."

वेस्ताला खोकला आला.

दुपार कलायला लागली तेव्हा पळासनेर मागे पडलं. सपाटीवर गाडी चांगलीच चालत होती, पण सपाटीवर ती आधीही चांगलीच चालायची. सातपुडा समोर आला. पहिलं वळण. चढ सुरू झाला. चिंधाभाऊने गिअर पाडला आणि पाय दाबला.

गाडी पुढे गेली.

त्याला पहिल्यांदा खरं वाटेना. त्याने पाय थोडा उचलला आणि पुन्हा दाबला. पुन्हा जोर आला. इंजिनाचा आवाज भरला होता, पोटातून येणारा. वेस्ताने समोरच्या दिव्यांवर डोळे लावले होते. पिवळा दिवा लागत नव्हता. दुसरं वळण आलं. तिसरं. आधी तीन वेळा ज्या जागी गाडीने मान टाकली होती ती जागा आली. चिंधाभाऊने तिथे गिअर पाडायचं ठरवलंच होतं, पण तो पाडावा लागला नाही. जागा मागे गेली.

"गयी," वेस्ता म्हणाला.

"बोलू नको."

पुढे सिमेंटचा एक ट्रेलर हळूहळू चढत होता. चिंधाभाऊने आरसा बघितला, लेन बदलली आणि त्याच्या बाजूने पुढे निघाला. वेस्ताने खिडकीतून हात बाहेर काढला आणि ट्रेलरवाल्याला दाखवला. ट्रॅक्टरवाल्याने दाखवला होता तसाच.

"आत घे हात," चिंधाभाऊ म्हणाला. पण तो हसत होता.

घाट संपला. वर सपाटी आली, मंदिर आलं, चहाच्या टपऱ्या आल्या. चिंधाभाऊने गाडी बाजूला घेतली, उतरला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. केळीच्या थरात हात घालून बघितला. गार होती. तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार सर. सरिता बोलतेय, धुळ्याहून. मागच्या सर्व्हिसबद्दल विचारायला फोन केला. गाडी कशी आहे?"

"गाडी बिजासन चढून वर उभी आहे मॅडम. भरलेली."

"अरे वा! म्हणजे सेन्सरनेच फरक पडला शेवटी."

इथे गप्प बसता आलं असतं. गप्प बसणं सोयीचंही होतं. पण त्या सेन्सरला शाबासकी मिळते आहे हे चिंधाभाऊला सहन होईना.

"सेन्सर नाही मॅडम. नळीत मांडा होता."

"काय होता?"

त्याने सगळं सांगितलं. पोळा, म्हातारी, वेस्ताचे लांब हात, मुंग्या. पाना लावला तेही सांगितलं. पलीकडून काहीच आवाज येईना. त्याला वाटलं, फोन कट झाला.

"सर," सरिता मॅडम म्हणाल्या. आवाज वेगळाच होता, जरा कापरा. त्या हसू दाबत होत्या. "मांडा खापरावरचा होता?"

"हो."

"आणि अख्खा निघाला? तुकडा नाही पडला?"

"अख्खा."

"माझ्या आईचे ताटात येईपर्यंत फाटतात," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना आवरलं नाही. हसून झाल्यावर त्यांनी घसा साफ केला. "सर, आमचं चुकलंच. जाळीच्या वरचा पाईप उघडून बघायला हवा होता. आणि तुमच्या चालवण्याबद्दल जे बोलले, ते मी मागे घेते."

"मग वॉरंटी?"

"कशाची वॉरंटी सर?"

"मी नट उघडला ना."

"असं तुम्ही मला कधी सांगितलं?"

"आत्ताच तर सांगितलं."

"नाही सर. घाटात रेंज नसते," सरिता मॅडम म्हणाल्या. "दहापैकी किती गुण लिहू?"

"काल विचारलं असतं तर दोन सांगितले असते."

"आणि आज?"

"आज नऊ लिहा. एक मी ठेवतो. काचेमागे लई बसवलं तुम्ही."

फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. या वेळी तोताराम शेठ.

"कुठे आहेस? पळासनेर?"

"घाटाच्या वर शेठ. चहा घेतोय."

"चिंधाभो, माझ्याशी खोटं नको बोलू. एवढ्यात वर कसा जाशील?"

"वरच आहे."

"फोटो पाठव. मागे मंदिराची कमान दिसली पाहिजे."

वेस्ता कमानीसमोर उभा राहायला तयार होता, पण केस विंचरल्याशिवाय नाही. टपरीवाल्याकडून कंगवा मागवला. केस नीट झाले. मग शर्टाची वरची गुंडी. चिंधाभाऊने फोन डोळ्यांपासून लांब धरला, मागे सरकला, आणखी मागे सरकला, गाडी आणि कमान दोन्ही बसवली आणि फोटो काढला. पाठवला.

बराच वेळ काही आलं नाही. चहा संपला. वेस्ताने ग्लास परत दिला. चिंधाभाऊ फोनकडे बघत नाही असं दाखवत होता.

मग शेठचा व्हॉइस मेसेज आला, मागे मजुरांचा गलका.

"शनिवारी सकाळी ये. दोन मळ्यांचा माल आहे. हंगामभर तूच. आणि हा वेस्ता का असा उभा आहे, लग्न ठरलंय का त्याचं?"

वेस्ताने फोन हिसकावून घेतला आणि फोटो मोठा करून बघितला.

"भो! मन्हं डोकंच आर्धं कापाई गयं!"

"गाडी पुरी उनी ना?" चिंधाभाऊ म्हणाला, आणि चढून स्टिअरिंगवर बसला.